आठ खुणांची भाषा

"वाच," धम्मरत्न म्हणाला. "पहिल्यापासून."

साधनानं मांडीवरच्या रमाला डाव्या हातावर घेतलं आणि घडीचा कागद दवाखान्याच्या खाटेच्या कडेवर सरळ केला. कपाशीवर फवारायच्या औषधाच्या बाटलीसोबत येतो तो कागद. एका बाजूला लाल त्रिकोण आणि मुंगीएवढी अक्षरं. दुसरी बाजू अर्धी कोरी. कम्प्युटर-क्लासच्या सुट्टीच्या दिवशी धम्मरत्न रोजानं फवारायला गेला तेव्हा, पाठीवर पंप घेण्याआधी, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बसून त्यानं त्या कोऱ्या जागेत पेननं एक ओळ लिहिली होती. संध्याकाळी त्याला दिसेनासं झालं. आज सहावा दिवस. डोळ्यांवर पट्टी होती.

ओळीत शब्द एकही नव्हता. नुसत्या खुणा. कम्प्युटरची ही भाषा कोणीतरी मुद्दाम अवघड करून ठेवलेली. सगळ्या मिळून आठच खुणा. दारव्ह्याच्या क्लासात शिकवताना ती त्याला सापडली, तेव्हा घरी येऊन तो हसत सुटला होता. "इंजिनेरबी रडते हिच्यापुढं. कोणाचंच इंग्रजी चालत नाही हिच्यात. आपण अन् थे, सारखेच अडाणी." साधना आठवी शिकलेली. रमा पोटात असताना तिनंही त्या खुणा शिकून घेतल्या. नावं तिनं ठेवली. अधिक. वजा. सामने. मांगे. दार उघड. दार लाव. बोल. ऐक.

कम्प्युटरनं ही ओळ वाचली असती, तर पडद्यावर इंग्रजीत रमाचं नाव आलं असतं. आज कम्प्युटरच्या जागी त्याचं डोकं होतं. औषध डोक्यातही उतरलं असेल, असं डॉक्टर सकाळी बोलून गेले होते.

"डोळे गेले तं गेले," तो म्हणाला. "क्लास तोंडानंबी घेता येते. डोकं हाय का नाही, थे पाहू. तू फक्त वाच. सांगू नको."

"अधिक," साधना वाचू लागली. आठ वेळा अधिक. कम्प्युटरमधे आकडे ठेवायच्या जागांना ते डबे म्हणायचे. पहिल्या डब्यात आठ. "दार उघड. सामने." पुढच्या डब्यात दहा वेळा अधिक. "मांगे. वजा. दार लाव." पहिला डबा रिकामा होईपर्यंत हाच फेरा. धुऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं. आठ फेरे, ऐंशी. वर दोन. कम्प्युटरमधे प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक आकडा; ब्याऐंशी म्हणजे आर. अक्षरांचे आकडे त्याला तोंडपाठ होते.

फेरे तो तिच्या बोटांच्या पेरांवर मोजत होता. एकेका फेऱ्याला एक पेर दाबायचा.

"बोल," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले. "बासष्ट." वीस कमी. "परत वाच."

दुसऱ्यांदा तो मधेच थांबला. कोणत्या डब्यात आहे, तेच त्याला कळेना.

शेजारच्या खाटेवर पूनमसिंग होता. तोही फवाऱ्याचाच. त्याची बायको रामीबाई मघापासून कान देऊन होती. "पोरी, कोणता मंतर म्हून राह्यली वं? आमच्या बुढ्यावरबी म्हण ना."

"मंतर नाही मावशी. कम्प्युटर हाय."

"मंग त्याले दवा कायले देते? सेल बदलवा म्हना."

साधनाला हसू आलं. ते तिनं रमाच्या टाळूवर टेकवून ठेवलं. धम्मरत्न हसला नाही.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "नाही आलं तं फाडून टाक कागद. अन् मले मंग काही इचारू नको. कोणालेच इचारू देऊ नको."

ती वाचू लागली. एक पेर. दोन. तीन. पाच. सात. आठवा पेर त्यानं दाबलाच नाही. हात तिच्या तळव्यावर उघडा पडला.

"झाले फेरे. सत्तर," तो म्हणाला. "पुढं?"

पुढं कागदावर दोनदा अधिक होतं. साधनानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्याच्या पट्टीकडे. मग सावकाश, आवाज न बदलता, ती बारा वेळा अधिक म्हणाली.

"बोल."

"ब्याऐंशी." तो उठून बसायला लागला. "ब्याऐंशी वं! आर!"

"वाचू का पुढं?"

पुढं सतरा वजा होते. त्यानं दोन गाळले. तिनं दोन जास्त म्हटले. ती आता कागदावरून वाचत नव्हती, त्याच्या ओठांवरून वाचत होती. ए. मग एम. मग परत ए. शेवटचं 'बोल' म्हणून होईस्तोवर तिची पाठ घामानं भिजली होती.

"रमा," तो म्हणाला आणि हवेत हात फिरवू लागला. साधनानं रमाचा पाय त्याच्या हातात दिला. "डोकं शाबूत हाय, साधना. क्लासवाल्याईले सांग. पुढच्या महिन्याची ब्याच ठेवा म्हना."

"सांगतो," ती म्हणाली.

"पेन काढ. नवीन लेहू. तुह्या नावाचा. मी सांगतो, तू लेही."

तिनं रामीबाईकडून केसपेपरला अडकवलेला पेन मागून घेतला.

"अधिक," तो म्हणाला. "अधिक. अधिक. अधिक."

तिनं लिहिलं. आठ कधीच होऊन गेले. ओळ भरली. दुसरी भरली.

"आता दार उघडू का?" तिनं विचारलं.

"थांब वं. आणखी हाय. अधिक. अधिक."

रमा तिच्या मांडीवर झोपून गेली. कोरी जागा संपली. साधनानं कागद उलटला, आणि लाल त्रिकोणाखालच्या त्या बारीक अक्षरांवरच, तो म्हणेल तशी, अधिकची खूण काढत राहिली.