घोडा कोनं हलवला?

पाणी पिऊन गुणवंतराव परत आले, खुर्चीवर बसता बसता थबकले आणि पटाकडे बघत ओरडले, "माहा घोडा कोनं हलवला?"

वरोऱ्याच्या वाचनालयात बुद्धिबळ स्पर्धेचा शेवटचा डाव होता. समोर लटारू शिंपी. हा खेळ त्याला गुणवंतरावांनीच शिकवलेला.

"तुमीच खेळले, भाऊ," लटारू म्हणाला. "मंग पानी प्याले गेले."

"मी? वजिराच्या तोंडात घोडा देईन मी?"

आरडाओरडा ऐकून बघे आत धावले. चांद्याहून आलेल्या पंचांसकट सगळे चहाला बाहेर गेले होते. खोलीत उरला होता तो लटारू, आणि खिडकीशी गुणवंतरावांची बायको, इंदुताई.

"घोडा आपोआप तं चालत नाई," पंच म्हणाले.

झालं! सगळ्यांच्या मनात एकदमच पाल चुकचुकली. "गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधी मारायची सवय हाय त्याले," मागून कोणी तरी म्हणालं. ज्याचा सदरा लटारूनं गेल्या आठवड्यात शिवला होता, तोही हसला.

"तू सांग," गुणवंतराव बायकोकडे वळले. "तू तं इथीच होती."

इंदुताईंनी पाहिलं होतं. घोडा नवऱ्यानंच हलवला होता. परवा याच माणसानं स्वतःच्या दारात उभं राहून, हे घर कोनाचं, म्हणून विचारलं होतं. ते आजवर चार भिंतींत राहिलं. आता खरं सांगावं तर गावभर होणार, आणि सांगू नये तर समोरच्या गरिबाची अब्रू जाणार. त्यांनी लटारूकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

ते डोळे लटारूनं पाहिले. मग त्यानं मान खाली घातली.

"मीच सरकवला, भाऊ. चुकी झाली."

पंचांनी डाव गुणवंतरावांना दिला. लटारूनं पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही, असंही ठरलं. तो टोपी उचलून निघाला तेव्हा लोकांनी त्याला वाट दिली, पण अंग चोरून.

लोकांनी गुणवंतरावांना हार घातला. तो सावरत ते इंदुताईंच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "लटारू कुठी दिसून नाई राह्यला? डाव त्याच्यासंगच लावा म्हना. बाकीच्यायचा मले भरोसा नाई."