काचेवरची वाफ

बाळांनो, दौंडबाहेरचं एक उघडं मैदान डोळ्यांसमोर आणा. भर दुपारी तिथं उसाच्या पाचटाचे बाहुले ओळीनं झोपवले आहेत. विषारी वायूचा हल्ला झाला, तर किती जवानांना किती औषध लागेल, याचा अंदाज लष्कराच्या औषध-भांडारातली माणसं या बाहुल्यांवरून बांधत. प्रत्येकाच्या तोंडावर वापरातून बाद झालेला मास्क चढवत, मांडीत खोटं इंजेक्शन टोचत. सराव संपला की सगळे बाहुले मास्कसकट जाळून टाकत.

भांडारात कामाला असलेल्या नागसेनची मुलगी गौतमी त्या दिवशी सुट्टी म्हणून बरोबर आली होती. शेवटच्या बाहुल्यापाशी ती थबकली. त्याच्या मास्कच्या काचेवर आतून वाफ धरली होती. ती विरली. पुन्हा धरली.

"पप्पा, ह्यो श्वास घेतोय."

"उन्हानं वाटतं तसं. आत नुसतं पाचट हाय."

"मग बाकीच्यांच्या काचा कोऱ्या कशा?"

डिझेलचा कॅन घेऊन आलेले भांडारातले बबनरावमामा हसले. "पाचटाला सर्दी झाली आसंल! सरक पोरी, पेटवायचंय."

पहिला बाहुला धडाडून पेटला. शेवटच्या काचेवरची वाफ भराभर येऊ-जाऊ लागली.

गौतमी गुडघ्यांवर बसली. मास्कचा पट्टा मागच्या बाजूला होता, म्हणून तिनं डोक्याखाली हात घातला. पण डोकं उचलावं लागलंच नाही. शर्टाचं वरचं बटण लावून घेताना तिचा धाकटा भाऊ हनुवटी वर करतो, तसं ते आपणहून वर आलं.

गौतमीनं पट्टा सोडायला घेतला.