खताच्या गाडीचं जू

वऱ्हाडात मोटारगाडीही नवलाची होती, तेव्हा मूर्तिजापूरच्या चंद्रभान सुतारानं इंजिनावर चालणारी, शेतभर शेणखत फेकणारी गाडी केली. जन्मभर बैलगाड्या घडवलेल्या त्याच्या वडलांनी, उत्तमरावांनी, तिलाही दांडी लावून सागवानी जू बसवलंच. “बाबा, हे सोता चालते. जू कायले?” “इंजिन रुसलं त बैल कोठी जुंपशीन?” गावातल्या केशवरावांच्या वावरात गाडी पहिल्यांदा उतरली, तेव्हाही उत्तमरावांनी बैलजोडी बाभळीखाली तयार ठेवली. गाडी धडधडत निघाली. खत दोन्ही अंगांना सारखं पडत गेलं. खत फेकायला टोपल्या घेऊन आलेल्या बाया पाहतच राहिल्या. पण वळताना जू बांधात अडकलं आणि गाडी थांबली. उत्तमरावांनी करवत मागितली, जू स्वतः कापलं, गाडीवर लेकाच्या जागेशेजारी आडवं ठोकलं आणि त्यावरच बैठक मारली. “बैलं चरायले सोडा रे,” ते बाभळीकडं ओरडले. “चंद्रभान, हाक आता!”