पटकथेतलं भगदाड

बाबांनी माझ्या पहिल्या सिनेमाचं परीक्षण मोबाईलवर मोठ्यांदा वाचलं. "हुकूमशहाच्या शहरातला कडक पहारेकरी बाप स्वतःच्याच मुलीला कोंडतो आणि अचानक वेशीचं दार उघडून सोडून देतो. का? पात्र कच्चं, पटकथेत भगदाड!"

"बरोबर लिहिलंय," मी म्हणाले. "तो बाप तुमच्यावरूनच घेतलाय. त्यानं दार का उघडलं, ते मलाच ठाऊक नाही. सिनेमा शिकायला पाठवणार नाही म्हणून महिनाभर अडून बसलात, आणि एका सकाळी स्वतःच माझी बॅग एसटीत चढवलीत. का, ते कधी सांगितलंत?"

बाबांनी मोबाईल बाजूला ठेवला.

"आदल्या रात्री माझ्या हातची आमटी अळणी झाली होती. एरवी तू घर डोक्यावर घेतलं असतंस. त्या दिवशी गुमान जेवलीस."

"मग?"

"घाबरलो मी."