सेक्रेटरीची बाटली

बिल्डरच्या ऑफिसचं काचेचं दार ढकलण्याआधी पंचशीलाने आत डोकावून पाहिलं. आधी दिसली नवऱ्याची पाठ, आणि मग टेबलावरची पाण्याची बाटली. सकाळी तिने भरून दिली होती तशीच, गळ्यापर्यंत भरलेली.

संशयाचं मूळ ती बाटलीच होती. उदय जोंधळे सोसायटीचा सेक्रेटरी, अख्ख्या इंद्रलोक कॉम्प्लेक्समध्ये सरळ म्हणून नाव असलेला माणूस. मोठ्या रस्त्यापर्यंत आलेली पाण्याची लाईन बिल्डिंगपर्यंत आणून देईन, असं बिल्डर सुभाषशेठने फ्लॅट विकताना सांगितलं होतं. लोक राहायला आले, मुलं शाळेत जायला लागली, बायका मात्र अजून टँकरखाली हंडे लावत होत्या. शेवटी सोसायटीने ठरवलं की सेक्रेटरीने दर रविवारी शेठच्या ऑफिसात ठाण मांडायचं, शेठ समोर बसून तारीख देईपर्यंत उठायचं नाही, आणि तिथला चहाच काय, पाणीसुद्धा प्यायचं नाही. म्हणून ही घरची बाटली. पण ती दर रविवारी भरलेलीच परत यायची. सकाळी गेलेला माणूस भर उन्हाळ्यात दुपारपर्यंत तहानेशिवाय राहतो, यावर कुठल्या बायकोने विश्वास ठेवायचा?

तळमजल्यावरच्या विमलाबाईंनी तर तसा प्रयत्नही केला नाही. आज टँकरची वाट बघताना सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, की शेठकडे फ्रिज आहे, फ्रिजात थंडा आहे, आणि सुरुवात थंड्यापासूनच होते. पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. पंचशीलाच्या फार जिव्हारी लागलं. तिने हंडा रांगेत ठेवला आणि साक्षीला म्हणून विमलाबाईंनाच उठवलं. ऑफिस कोपऱ्यावरच्या गाळ्यातच होतं.

"चपला भायेर काढा हां, कॉम्प्युटर आहे," ऑफिस सांभाळणारा लोकेश आतून म्हणाला. उदयच्या चपला दाराशी आधीच जोडून ठेवलेल्या होत्या.

आत गारवा होता. मधोमध काचेच्या पेटीत त्यांच्याच कॉम्प्लेक्सचं थर्माकोलचं मॉडेल, स्पंजची झाडं आणि निळ्या रंगाने भरलेला पोहण्याचा तलाव. विमलाबाईंनी त्या तलावाकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. पंचशीला थेट नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याला पत्ता नव्हता.

पडद्यावर हिरवी जमीन, आखीव रस्ते, ओळीने घरं. उदय माऊस सरकवून टिचकी मारी आणि रिकाम्या जागेवर नवा चौकोन पडे. हा शेठचा पुढचा कॉम्प्लेक्स, आणि आपला नवरा तो आखून देतोय. फुकट कोण आखून देतं?

"ह्यात आपला फ्लॅट कुठला?" तिने विचारलं.

उदय दचकून वळला. ती आणि मागे विमलाबाई बघून त्याचा चेहरा उतरला. अगं, हा गेम आहे, आपण शहर वसवायचं असतं, असं तो चाचरत म्हणाला. लोकेशने बाकीचं सांगितलं. साहेब इथलं काही घेत नाहीत, नुसते बसून कंटाळतात, तर त्यांना कॉम्प्युटरवर बसव, असं शेठच म्हणाले होते.

विमलाबाई सहजासहजी मानणाऱ्या नव्हत्या. थंडा किती पितात, असं त्यांनी लोकेशला तोंडावर विचारलं.

"कसम से बाई, पाणीपण नाय पीत. एकदा बसले की उठतच नाय."

पंचशीलाला एवढा आनंद झाला, की तिला तिथेच रडू येईल असं वाटलं. तिने विमलाबाईंकडे वळून बघितलं. मग आलोच आहोत तर दोन शब्द सुनवावेत म्हणून तिने विचारलं, की शेठ कुठे आहेत.

"आत्ताच गेले ना. साहेबांच्या मागनंच गेले."

"शेठ आले होते?" हे उदयनेच विचारलं. मग बायकोकडे बघून तो म्हणाला, "अगं, शहरात आग लागली होती. विझवत होतो."

मग तोच बोलत राहिला. हे स्टेशन, ही शाळा, इथे बाग केली, तर शेजारच्या घरांची किंमत कशी वाढली बघ. नीट केलं की लोक आपोआप येतात, कोणाच्या पाया पडावं लागत नाही. बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला. फ्लॅटची चावी हातात पडली त्या दिवशी तो असाच दिसत होता. पंचशीलाने वाकून तो सगळा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"आणि पाण्याची लाईन कुठंय?"

"ह्यात पाणी लागतच नाही," उदय खुशीत म्हणाला. "लाईट दिली की लोक राहायला येतात."

म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. त्याचा हात माऊसवरून खाली आला. पडद्यावर आणखी दोन घरं उभी राहिली.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. विमलाबाईंनी आज पहिल्यांदाच आवाज खाली घेतला.

"पंचशीला, बायकांना काय सांगू गं मी?"

पंचशीलाने टेबलावरची बाटली उचलली, झाकण घट्ट आहे ना ते बघितलं.

"गेमचं नाव काढू नका. सांगा, पैसे खाल्ले."