रंग खाणारं ब्रेक ऑईल

“काका, हे सिलिकॉनवालं ब्रेक ऑईल ठेवा परत,” म्हणत केतकीने बाटली काउंटरवरून मागे सरकवली. “चौसष्ट सालची फियाट आहे आमची. यानं पेडल मऊ पडतं. साधंच द्या.”

दुकानदार तिच्या बाबांकडे बघून हसला. “साहेब, ही पोरगी माझं दुकान बंद पाडणार! पण ताई, साधं ऑईल रंग खातं हं. थेंब सांडला की फोड आलेच.”

“म्हणून तर ओलं फडकं हातात धरूनच भरते मी!” केतकी ऐटीत म्हणाली. तीन वर्षं बाबांबरोबर खपून तिने ती गाडी नटबोल्टपासून उभी केली होती. अठरा पूर्ण झाली की पहिली फेरी तिचीच, असा बाबांचा शब्द होता. अवघे चार महिने उरले होते.

“सिलिकॉनवालंच द्या,” बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. “रंगाला धक्का नको. धावायचीय कुठे आता ती? विकली मी. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणारेत. उद्या ट्रक येतोय.”

केतकीची ऐट जागच्या जागी जिरली. तिने साध्या ऑईलचीच बाटली उचलली. “ट्रकवरून उतरवताना तरी ब्रेक लागायला हवा ना, बाबा?”

बाबांना नाही म्हणवेना.

संध्याकाळी तिने ऑईलची डबी काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, बॉनेट खाली घेतलं. मग उरलेली बाटली त्या चकचकीत लाल रंगावर सावकाश कलती केली. ओघळ पार नंबरप्लेटपर्यंत गेला.

ओलं फडकं दुसऱ्या हातातच होतं. ते तिने नीट घडी घालून खिशात ठेवलं.