आतून येणारी तार

गेल्या उन्हाळ्यात वादळानं घराची टिनं उडाली, तेव्हा अंकुश पवनीला लग्नात नाचत होता आणि त्याची बायको पंचफुला लेकीला घेऊन खाटेखाली दबून होती. तो राग अजून गेला नव्हता. यंदा आभाळ भरताच ती एकटीच टिनं बांधायला छपरावर चढली.

थोड्या वेळानं घरात पावलं वाजली. आला एकदाचा! तिनं टिनाच्या भोकातून तार खाली सोडली. आतून ती छपराखालच्या लाकडी बल्लीला वेढून दुसऱ्या भोकातून वर आली.

"आता कायले मुके झाले?" ती कडाडली.

तार मात्र दर वेळी बरोबर वर येई.

तेवढ्यात लेकीला घेऊन अंकुशची सायकल अंगणात थांबली.

"थांब, आतून तार धराले येऊन राहिलो!"

पंचफुलाच्या मुठीतली तार आतून रागानं हिसकली गेली.